विमान उतरायच्या वेळेसाठी दूध राखून ठेवा

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की संध्याकाळी मुलांना न्यायला येणाऱ्या आया दारातच चपला अर्धवट घालून मला विचारतात, "काकू, विमानात हिचे कान दुखतील का हो?" गंगापूर रोडला माझं पाळणाघर आहे. ओझरहून थेट विमानं सुरू झाल्यापासून हा प्रश्न फार वाढलाय. पूर्वी तान्ह्या बाळाला घेऊन लांबचा प्रवास म्हणजे नाशिकरोडहून रेल्वे. आता सहा महिन्यांचं बाळही आजी-आजोबांना भेटायला दिल्लीला नाहीतर बंगळुरूला जाऊन येतं. चांगलंच आहे ते. पण कानाचं नीट समजून घेऊन जा, एवढं मी प्रत्येकीला सांगते. दारात उभ्या उभ्या सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

बहुतेक आईवडील उड्डाणाला घाबरतात. इंजिनाचा आवाज वाढतो, विमान धावायला लागतं, आणि पोटात गोळा येतो तो आपल्याच. मग त्या गडबडीत बाळाला पाजून घेतलं जातं. बाळ पोटभर पितं, विमानाच्या घरघरीत गाढ झोपतं, आणि आई सुटकेचा निःश्वास टाकते. तासा-दीड तासाने विमान खाली यायला लागतं तेव्हा बाळ झोपेत असतं, पोट भरलेलं असतं आणि बाटली रिकामी. नेमकं तेव्हाच ते किंचाळत उठतं. आजूबाजूचे लोक वळून बघतात, आईला काही सुचत नाही, आणि ज्याने आराम पडला असता ते दूध पोटात जाऊन तास-दीड तास झालेला असतो.

दुखणं मुख्यतः उतरताना असतं. हे एकदा मनात पक्कं बसलं की बाकीची तयारी आपोआप सुचते.

असं का होतं, ते आपल्या नाशिककरांना समजावणं सोपं आहे, कारण कसारा घाट सगळ्यांनी पाहिलेला आहे. इगतपुरी सोडून गाडी घाट उतरायला लागली की कानाला दडे बसतात. एक आवंढा गिळला की टक् होतं आणि कान मोकळे. कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते, आणि तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. तिला यूस्टेशियन ट्यूब म्हणतात. ही नळी एरवी मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा घशाचे स्नायू ती क्षणभर उघडतात, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो.

वर चढताना आतली हवा पसरते आणि नळीतून स्वतःहून बाहेर निसटते, फारसं काही करावं लागत नाही. खाली येताना गोष्ट उलटी होते. बाहेरचा दाब वाढत जातो, पडदा आतल्या बाजूला ओढला जातो, आणि हवा आत यायची तर स्नायूंनी जोर लावून नळी उघडायलाच लागते. उशीर केला की दाबातला फरक इतका वाढतो की नळी चिकटून बसते आणि मग कितीही गिळलं तरी उघडत नाही. म्हणून दुखायच्या आधी सुरुवात करायची. दुखायला लागल्यावर बाटली तोंडात घालायला गेलं तर मूल ती भिरकावून देतं, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

मोठ्या मुलांना मी हे बाटलीवर दाखवते. विमान वर असताना पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली घ्या आणि झाकण घट्ट लावा. खाली उतरल्यावर ती चेपलेली दिसते. कोणी हात लावला नाही, कोणी दाबली नाही, तरी चेपली. पडद्याचंही तसंच होतं, असं सांगितलं की पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर लख्ख उजेड पडतो.

लहान मुलांना जास्त त्रास होतो, कारण त्यांची ही नळी आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते, आणि तिला उघडणारे स्नायू अजून कच्चे असतात. त्यात सर्दी झाली की नळीचं नाकाकडचं तोंड सुजतं. मूल मोठं होईल तशी नळी लांब होते, तिला उतार येतो, आणि सात-आठ वर्षांनंतर हा त्रास बराच कमी होतो.

आता उंचीचा हिशोब. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातं, पण आतला दाब यंत्राने राखलेला असतो. तो साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, म्हणजे विमानात बसलेलं बाळ हवेच्या दाबाच्या दृष्टीने कळसूबाईच्याही वर असतं, आणि तिथून वीस-पंचवीस मिनिटांत त्याला खाली आणलं जातं. कसारा घाटात आपण जेमतेम तीनशे मीटर उतरतो, तरी दडे बसतात. बघा म्हणजे.

कुठे उतरताय त्यानेही फरक पडतो, आणि हे फारसं कोणी सांगत नाही. एका आईने मला विचारलं होतं, बंगळुरूला जाताना पोरगं हूं की चूं करत नाही, मग गोव्याला उतरताना एवढं का रडलं? बंगळुरूचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ९०० मीटरपेक्षा उंच आहे, ओझर सहाशे मीटरच्या आसपास, आणि मुंबई-गोवा म्हणजे समुद्रकाठच. जितकं खाली उतरायचं तितका दाबातला फरक जास्त. त्या दिवशी मुलाचं नाक चोंदलेलं असेल तर तेही कारण असू शकतं. पण समुद्रकाठच्या गावी निघाला असाल तर तयारी थोडी जास्त ठेवा.

वेळ कशी ओळखायची? तिकिटावरच्या वेळेवर विसंबू नका, विमानं कधी लवकर पोचतात, कधी वरच घिरट्या घालतात. वैमानिक सांगतो की आता आपण खाली उतरायला सुरुवात करतोय. ती घोषणा इंग्रजी-हिंदीत आणि घाईत होते, तिच्याकडे कान ठेवा. साधारण जमिनीला टेकण्याआधी अर्धा तास असतो तो. केबिन क्रू कचरा गोळा करत येतात, खिडक्यांच्या झडपा वर करायला सांगतात, तोपर्यंत दाब बदलायला लागलेला असतो. आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे आपले स्वतःचे कान. आपल्याला थोडंसं जड वाटलं की मुलाचं सुरू झालं असं समजायचं.

गेल्या हिवाळ्यात मी लेकीबरोबर दिल्लीहून ओझरला येत होते. नात वर्षाची. सकाळी लवकर उठल्यामुळे विमानात बसल्यावर ती किरकिर करून लेकीच्या खांद्यावर झोपली. वैमानिकाची घोषणा झाली तसं मी लेकीला म्हटलं, "उठव तिला." लेक म्हणाली, "आई, आत्ता कुठे डोळा लागलाय गं. झोपलेल्या बाळाला उठवू नये, तूच म्हणतेस ना?" म्हणते मी. घरात म्हणते. पण झोपेत माणूस फार कमी गिळतो, बाळही. मी तिच्या पायातले मोजे काढले, तळव्यांना हळूहळू चोळलं, ओल्या रुमालाने तोंड पुसलं. भोकाड पसरलं तिने. लेकीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, रडू दे, रडण्यानेही कान मोकळे होतात. ते खरंच आहे, रडताना मूल गिळत असतं, तोंड मोठं उघडतं. मिनिटभराने लेकीने तिला अंगावर घेतलं. दोन घोट प्यायली की लेक तिला सोडवायची, खिडकीतून ढग दाखवायची, परत घ्यायची. मध्येच तिने माझ्या हातातल्या छोट्या पेल्यातून पाणी प्यायलं, अर्धं झबल्यावर सांडलं. खाली द्राक्षबागांचे चौकोन दिसायला लागले तेव्हा ती खिडकीवर थापा मारत होती. आमच्या मागच्या रांगेत एक बाळ टेकेपर्यंत रडत होतं. त्याच्या आईकडे मी वळून पाहिलं तर तिच्या मांडीवर रिकामी बाटली होती. तेव्हाच ठरवलं की हे लिहायचं.

या दोन-दोन घोटांना फार महत्त्व आहे. भुकेलं बाळ दूध पाच-सात मिनिटांत संपवतं, आणि उतरण्याची मिनिटं वीस-पंचवीस. म्हणून रोखून रोखून पाजायचं. बाळ निघायच्या वेळी अगदी उपाशी नको, पण उतरायच्या वेळी थोडी भूक शिल्लक हवी, असं वेळापत्रक घरूनच बसवा. पाजताना आडवं झोपवून पाजू नका, डोकं वर हवं. आडव्या बाळाच्या कानाच्या नळीकडे दूध जाऊ शकतं. अंगावर पाजताना बाळाला लावायचा तो छोटा वेगळा पट्टा तसाच राहू द्या, थोडं तिरकं बसलं की पाजता येतं. बाळाला चोखणीची सवय असेल तर तीही चालते, कारण चोखताना लाळ गिळली जाते.

आणखी एक बारीक पण कामाची गोष्ट. हे सगळं सामान वरच्या कप्प्यातल्या बॅगेत ठेवू नका. पट्ट्याचा दिवा लागला की उठता येत नाही, आणि नेमकं तेव्हाच ते लागतं. विमानात बसल्याबरोबर बाटली, पेला, रुमाल पुढच्या सीटच्या खिशात काढून ठेवा. सिक्युरिटीला बाळाचं दूध, पाणी, पेज नेऊ देतात, विचारलं तर उघडून दाखवायचं. स्ट्रॉ असलेली बाटली असेल तर वर गेल्यावर आधी झाकण थोडं सैल करा आणि मग स्ट्रॉ उघडा. आतली हवा पसरलेली असते, एकदम स्ट्रॉ उघडली तर पाण्याची चिळकांडी शेजारच्याच्या शर्टावर.

सगळ्यात अवघड वय दीड ते तीन. या मुलांना कारण सांगून समजत नाही, बाटली सुटलेली असते, आणि मनाविरुद्ध काही केलं की ती तोंड घट्ट मिटून घेतात. यांच्यासाठी नवं काहीतरी ठेवा, जे घरी कधी मिळत नाही. वेगळ्या रंगाची स्ट्रॉ, छोटा स्टीलचा पेला, पातळ ताक, नारळपाणी. आमच्याकडे एक मुलगी कशालाच तयार नसायची, पण वरणाचं पाणी वाटीने प्यायला कायम तयार. तिच्या आईने थर्मासमधून तेच नेलं आणि वाटीने पाजलं. मुलाला काय आवडतं ते आईपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? फक्त ते घोटाघोटाने जाणारं हवं.

खाऊच्या बाबतीत मात्र मी कळकळीने सांगते, कारण आपण नाशिकची माणसं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणाकडे जायचं तर द्राक्षांची पेटी बरोबर असतेच, आणि मूल रडायला लागलं की हातात द्राक्षांचा घोस दिला जातो. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकतं. गोल, गुळगुळीत आणि नेमक्या मापाचं असतं ते. पाच वर्षांखालच्या मुलाला द्राक्ष द्यायचं तर उभे चार तुकडे करून, आणि विमान उतरत असताना, रडत असताना तर नकोच. तेच चिवड्यातल्या शेंगदाण्यांचं, चिक्कीचं, लिमलेटच्या गोळीचं. "विमानात गोळी चघळायला द्यायची" ही पद्धत मोठ्यांसाठी ठीक आहे, तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलाला कडक गोळी अजिबात देऊ नका. कान दुखला तर बरा होतो. घशात गोळी अडकली तर तीस हजार फुटांवर दवाखाना कुठून आणायचा?

चार वर्षांपुढची मुलं शिकवली की शिकतात. पाळणाघरात आम्ही सुट्टीच्या आधी विमान उतरवण्याचा खेळ खेळतो. सतरंजीवर दोन-दोनच्या रांगा, ओढण्यांचे पट्टे. मी घोषणा करते, "आपण आता ओझरला उतरत आहोत." मग सगळ्यांनी पाण्याचा घोट तोंडात घ्यायचा, नाक चिमटीत धरायचं आणि गिळायचं. कानात टक् झालं की हात वर. बसल्या जागी टक् झालेलं खरंच जाणवतं, मुलांना त्याची फार गंमत वाटते. दुसरा प्रकार म्हणजे नाक धरून, तोंड मिटून, गाल फुगवत हलकेच हवा कानाकडे ढकलायची. हलकेच, हे मी तीन वेळा सांगते, कारण मुलं जीव खाऊन जोर लावतात आणि त्याने पडद्याला इजा होऊ शकते. सर्दीने नाक भरलेलं असताना हा दुसरा प्रकार करू देऊ नका. नाक धरून गिळणं जास्त सुरक्षित, आणि पाण्याचा घोट असला की जमतंही पटकन. विमानात पहिल्यांदा शिकवायला जाल तर कोणी ऐकणार नाही. आठवडाभर आधी घरी खेळवा.

आता सर्दी. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहे. डिसेंबर-जानेवारीत पाळणाघरातल्या निम्म्या मुलांची नाकं वाहत असतात, आणि नेमकी तेव्हाच नाताळच्या सुट्टीची तिकिटं काढलेली असतात. साधं वाहतं नाक असेल तर सलाईनचे थेंब कामाला येतात, विमान उतरायला लागायच्या थोडं आधी नाकात घालून नाक साफ करून घ्या. ताप असेल, कान आधीच दुखत असेल किंवा कानातून पाणी येत असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांनी नको म्हटलं तर तारीख पुढे ढकला. पैसे जातील, पण त्या अर्ध्या तासात त्या लेकराला काय होतं ते ज्याने पाहिलंय तो पैशांचं बोलणार नाही. घोरणाऱ्या, तोंडाने श्वास घेणाऱ्या, ॲडिनॉइड म्हणजे नाकामागच्या गाठी वाढलेल्या मुलांच्या बाबतीतही आधी विचारून घ्या. कानात ग्रोमेट बसवलेली असतील तर उलट चिंता कमी, पडद्यातल्या त्या छोट्या नळीतून दाब आपोआप सारखा होतो.

सर्दीचं औषध देऊन मुलाला झोपवून न्यायचं, हा सल्ला मी अनेकींच्या तोंडून ऐकलाय. कृपा करून तसं करू नका. एक तर झोपलेलं मूल फारसं गिळत नाही, म्हणजे ज्यासाठी औषध दिलं त्याच्या बरोबर उलटं होतं. शिवाय अशा औषधांनी मुलांचं विमानातलं कान दुखणं थांबतं असं दिसलेलं नाही. आणि डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच देशाच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामीन आणि फिनाइलेफ्रीन एकत्र असलेल्या सर्दीच्या औषधांवर "चार वर्षांखालील मुलांना देऊ नये" असं छापायला सांगितलेलं आहे. घरातल्या बाटलीवरचं लेबल वाचून बघा. आधीच्या प्रवासात ज्या मुलाला फार त्रास झाला होता त्याला वेदना कमी करायला पॅरासिटामॉल देता येतं, पण किती द्यायचं ते मुलाच्या वजनावर ठरतं, म्हणून डॉक्टरांकडून लिहून घ्या. उतरायच्या अर्धा-पाऊण तास आधी दिलं तर वेळेवर लागू पडतं.

कानात कापूस घातल्याने काही होत नाही, अडचण पडद्याच्या मागे आहे. गरम पाण्यात भिजवलेला रुमाल पेल्यात घालून तो कानावर धरायची युक्तीही काही जण सांगतात. त्यात मुलाचा कान भाजायचा धोका आहे.

उतरल्यावर बहुतेक मुलं काही मिनिटांत, फार तर काही तासांत पूर्वीसारखी होतात. दडे बसलेले राहिले तर पाणी पाजत राहा, फुगा फुगवायला द्या, हसवा, जांभई काढून दाखवा, मुलं बघून बघून जांभई देतात. आणि घरी पोचल्यावर आजीने लसूण घालून कडकडीत केलेलं तेल कोमट करून कानात सोडायला घेतलं तर तिचा हात धरा. मीही आजीच आहे, तिची माया मला कळते. पण दाबाने पडद्याला बारीक चीर गेली असेल तर ते तेल थेट आत जातं आणि साध्या दुखण्याचं मोठं दुखणं होतं. कानातून पाणी किंवा रक्त आलं, दुसऱ्या दिवशीही दुखत राहिलं, ताप आला, किंवा हाक मारल्यावर मूल नेहमीसारखं वळून बघत नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. चीर बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरून येते, तोवर कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. आणि परतीचं तिकीट जवळचं असेल तर कान तपासून, डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय त्या विमानात बसू नका, रेल्वेने या.